एकेचाळिसावी ओळ

“ही ओळ नको,” डॉ. देवस्थळी म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी वहीत एकेचाळीस या आकड्यावर फुली मारली. सरांच्या हातात सेंटिमीटरच्या खुणा केलेली बांबूची काठी असे. ती मक्याच्या ताटाशेजारी उभी करायची, वरचं माप वाचायचं, पसंत पडलं तर मान हलवायची. मान हलली की मी त्या ताटाला लाल फीत बांधत असे. एकेचाळिसाव्या ओळीत त्यांनी काठी टेकवलीसुद्धा नाही. ओळ दिसायलाच किरकोळ होती. आजूबाजूची मका माझ्या डोक्याच्या दोन हात वर गेलेली, ही जेमतेम हातभर वर. ताटं बारीक. पानं मात्र एकाला एक लागून, आणि अगदी बुडाशी असलेलं पानही हिरवंगार.

शहाऐंशी सालचा ऑगस्ट होता. माळेवाडीच्या चारा संशोधन केंद्रावर मला लागून चौदा महिने झाले होते. सर केंद्राचे प्रमुख, वय सत्तावन्न, पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणारे. जनावरांसाठी उंच, भरघोस मकवान देणारा वाण तयार करायचा हे एकच काम त्यांनी पाच वर्षं धरलं होतं. नंदुरबारपासून कोकणापर्यंतच्या गावांतून गोळा केलेलं बी एकत्र पेरून त्यांनी सुरुवात केली होती. दर हंगामात सगळ्यांत उंच ताटं निवडायची, त्यांचंच बी पुढे पेरायचं; कडेला फक्त एखादी ओळ सुरुवातीच्या साठ्यातल्या बियाची, आजमावण्यासाठी. मक्यात परागकण वारा वाहून नेतो, म्हणून नको असलेल्या ताटांचे तुरे फुलायच्या आत उपटायचे. मग शेतात पराग उरतो तो फक्त निवडलेल्या ताटांचा. सर त्या शेताला ‘प्लॉट नऊ’ म्हणत. आजूबाजूला अर्धा किलोमीटर दुसरी मका पेरू देत नसत.

बहात्तरच्या दुष्काळात सर जनावरांच्या एका छावणीवर नेमलेले होते. त्याबद्दल ते बोलत नसत. एकदाच, जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाले होते की गाई एकमेकींच्या गळ्यातली दावी चावताना मी पाहिल्या आहेत. एवढं बोलून ते जेवायला लागले.

तुरे उपटायला बारा बाया होत्या. हौसाबाई त्यांची मुकादम नव्हती, पण ती म्हणेल तसं सगळ्या वागत. पंचेचाळिशीची, सडसडीत बाई. अकरा वर्षं केंद्रावर रोजंदारीने येत होती. तुरा नुसता पिळून वर ओढायची. पान फाटत नसे. नापसंत ठरलेली ताटं कापली की बाया ती वैरण म्हणून घरी नेत, त्याला केंद्राची हरकत नसे. त्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलं, हौसाबाई उंच ताटांच्या ढिगाला ओलांडून पलीकडे गेली आणि एकेचाळिसाव्या ओळीच्या टोकाची कापलेली चार-पाच ताटं वेचून भाऱ्यात घालू लागली. उंच मकवान पायाशी पडलेलं असताना ही काड्या कशाला वेचते, असं मी विचारलं.

“हिची चघळ ऱ्हात न्हाई, बाई,” ती म्हणाली.

गव्हाणीत जनावर जे खात नाही, नाकाने बाजूला सारतं, ती चघळ. हौसाबाईचं म्हणणं असं की लांबड्या ताटाचं बुडकं तिच्या म्हशी हुंगून सोडतात. सकाळी गव्हाण झाडताना निम्मं मकवान उकिरड्यावर जातं. या ओळीचं मात्र बोटभर कांडंही उरत नाही. गेल्या हंगामातही याच जागी अशी एक ओळ होती, ती तिने तेव्हाच हेरून ठेवली होती.

मी चेष्टेवारी नेलं नाही, पण विश्वासही ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर केंद्राचा ताणकाटा पिशवीत घालून तिच्या वस्तीवर गेले. दोन्ही प्रकारची मका दहा-दहा किलो तोलून दोन म्हशींपुढे टाकली. पुढच्या दिवशी म्हशींची अदलाबदल केली. असं चार दिवस चाललं. उंच मक्याची चघळ रोज साडेतीन किलोच्या आसपास भरायची. एकेचाळिसाव्या ओळीची एकदाही पाऊण किलोच्या वर गेली नाही. मग मी प्रयोगशाळेतल्या भट्टीत दोन्हींची ताटं वाळवली. उंच मका वाळल्यावर हातात फारच थोडं राहिलं. ज्या वजनाचा केंद्राने पाच वर्षं अभिमान धरला होता, त्यातलं बरंचसं पाणी होतं.

आकडे घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी कागद नीट वाचला, दोनदा वाचला. म्हणाले, दोन म्हशींचा प्रयोग हा प्रयोग नव्हे. मी म्हटलं, मान्य आहे, म्हणून तर ओळ जपायला हवी. या ओळीच्या तुऱ्यांना पिशव्या बांधून आपसातच पराग द्यावेत, बी वेगळं ठेवावं, एवढंच माझं मागणं होतं.

“पिशव्या मोजक्या आहेत, त्या निवडीच्या ताटांना लागणार,” ते म्हणाले. “आणि एक पिशवी फाटली तर? एका तुऱ्यात पंचवीस लाख कण असतात, भोकरेबाई. ही ओळ पश्चिमेच्या कडेला आहे. वारा कुठून येतो?”

“पश्चिमेकडून.”

“माझ्याकडे हा एकच हंगाम उरला आहे. जनावराचं पोट आधी भरू दे. ते काय चवीने खातं, ते तुम्ही नंतर बघा, माझ्यानंतर.”

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी कागद मला परत दिला. गुरुवारी ते पुण्याला वार्षिक बैठकीला जाणार होते, सोमवारी परतणार होते. तोवर एकेचाळिसाव्या ओळीचा एकही तुरा शेतात दिसता कामा नये, असं त्यांनी बजावलं.

त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती. ऊन असं पडलं की मका चार दिवस आधीच तुऱ्यावर आली. मला एका जागी बसवेना. सकाळी बांधावरून एक फेरी, दहाला दुसरी, जेवणानंतर तिसरी. प्रत्येक वेळी एकेचाळिसाव्या ओळीपाशी येऊन मी शेंड्याची गुंडाळलेली पानं बोटांनी उलगडून बघत होते, आत तुरा किती वर आला आहे. बुधवारी दुपारी मी जुन्या वह्या काढल्या, काही शोधायचं म्हणून नव्हे, हाताला चाळा हवा म्हणून. पहिल्या वर्षी निवडीने मका अठरा सेंटिमीटरने उंच झाली होती. दुसऱ्या वर्षी चौदा. मग आठ, मग तीन. गेल्या वर्षी एकही नाही. हे आकडे सरांच्याच अक्षरात होते. त्यांच्याखाली त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. मीही तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही, वही मिटून पुन्हा शेतात गेले.

गुरुवारी सरांची जीप गेली. बाया तुरे उपटत उपटत पश्चिमेकडे सरकल्या. चाळिसावी ओळ झाली. हौसाबाईने एकेचाळिसावीच्या पहिल्या ताटाला हात घातला.

“ती राहू दे,” मी म्हटलं.

तिने हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. “सायबांनी सांगितलंय?”

“मी सांगते आहे.”

बाकीच्या बायांना हाक मारून ती बेचाळिसावीला गेली.

केंद्राच्या पिशव्यांना हात लावायचा नाही हे मी मनाशी ठरवलेलं होतं, जणू त्यामुळे माझा गुन्हा कमी होणार होता. शुक्रवारी सकाळी खोलीत बसून मी वर्तमानपत्राच्या दुहेरी कागदाच्या अकरा पिशव्या चिकटवल्या. ओळीतली सगळ्यांत पानाळ अकरा ताटं ठेवली, बाकीच्यांचे तुरे स्वतः उपटले. अकरा तुऱ्यांवर पिशव्या चढवून खाली सुतळीने आवळल्या. कणसांच्या कोंबांवर औषधाच्या पुड्यांचे छोटे कागद घातले. दुरून ओळ विचित्र दिसत होती. माणसांनी डोक्यावर कागदी टोप्या घालून रांगेत उभं राहावं तशी.

शनिवारी सकाळी एका पिशवीत चिमूटभर पिवळी धूळ जमली. ती मी चार कणसांच्या केसांवर झटकली. कणसांवर कागद पुन्हा चढवले. आणखी दोन सकाळी मिळाल्या की बी हातात येणार होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास एक ढग कुठूनसा आला आणि वीस मिनिटं कोसळून गेला. मी धावत गेले तर पिशव्या भिजून तुऱ्यांना चिकटलेल्या, पण अजून शाबूत. दोन-तीन ठिकाणी कागद विरायला लागला होता. मी हिशेब केला: सकाळी ओल असणार, ओले तुरे दहापर्यंत फुटत नाहीत. साडेसहाच्या एस.टी.ने तालुक्याला जायचं, सिमेंटच्या पोत्यांचा जाड कागद घ्यायचा, नऊच्या आत परत यायचं.

रविवारी दुकान सव्वाआठला उघडलं. कागद मिळाला. परतीची गाडी साडेआठची, ती पावणेदहापर्यंत लागलीच नाही. मी स्टँडवर कागदाची गुंडाळी काखेत धरून येरझारा घालत होते. ऊन चढत होतं, आणि स्टँडच्या छपरावरचा सुटलेला पत्रा वाऱ्याने खडखडायला लागला होता. मी त्या पत्र्याकडे बघत होते. शेवटी गाडी निघाली, तर खिंडीत पंक्चर झाली. उरलेले तीन किलोमीटर मी पायी आले, शेवटचा अर्धा जवळपास धावत.

साडेअकरा वाजून गेले होते. पिशव्यांच्या चिंध्या पानांना लटकत होत्या. मी पहिल्या ताटाचा तुरा तळहातावर झटकला. काही पडलं नाही. दुसऱ्याचा झटकला, तिसऱ्याचा. अकराही तुरे रिकामे होते. वारा अजून चालूच होता. माझ्या तोंडावरून पूर्वेकडे, लाल फितींच्या दिशेने, आणि फीत बांधलेल्या निम्म्या ताटांची कणसं केस सोडून तयार उभी होती.

मी अकरा तुरे उपटले. चिंध्या वेचून जाळल्या. जाळताना मला कळत होतं की आपण पुरावा जाळतो आहोत.

सोमवारी सकाळी सर थेट प्लॉटवर आले. बैठकीत त्यांच्या मक्याचं कौतुक झालं होतं, ते खुशीत होते. चालत चालत ते पश्चिमेच्या कडेला पोहोचले आणि वाकले. एकेचाळिसाव्या ओळीतल्या पानाच्या बेचक्यातून त्यांनी काहीतरी बोटाच्या टोकावर घेतलं. परागकोशांची सुकलेली पोकळ टरफलं होती ती. तुरा फुलून गेल्याशिवाय ती गळत नाहीत. चाळिसावीच्या पानांवरही होती, अडतिसावीच्याही.

“ही ओळ कुणाकडे होती?” त्यांनी विचारलं.

बाया कामाला लागलेल्या होत्या, त्या थांबल्या. हौसाबाई माझ्यापासून चार हातांवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी हातातल्या वहीकडे बघत राहिले.

“माझ्याकडं हुती,” ती म्हणाली. “नजरंतनं ऱ्हायली आसंल.”

सरांचा चेहरा पांढरा पडला. अकरा वर्षं काम करणाऱ्या बाईच्या नजरेतून आख्खी ओळ कशी राहते, असं ते म्हणाले, आणि मग, उद्यापासून येऊ नका. हौसाबाईने विळा उचलला, डोक्यावरचं फडकं सोडून झटकलं आणि ती बांधावरून निघून गेली. बाकीच्या बाया माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना ठाऊक होतं. गुरुवारी त्या तिथेच होत्या.

मी तेव्हा बोलले नाही. हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना वाटतं की मी थोडी गोंधळले असेन, शब्द सुचले नसतील. तसं नव्हतं. शब्द तयार होते. ते गिळून मी प्रयोगशाळेत जाऊन बसले आणि भट्टीचं तापमान लिहीत राहिले, दर पंधरा मिनिटांनी, जे कुणी लिहायला सांगितलं नव्हतं.

दोन वाजता उठून मी सरांच्या दारात उभी राहिले.

“सर, हौसाबाईंनी ओळ सोडली नव्हती. मी सोडायला लावली.”

सगळं सांगितलं. वर्तमानपत्र, चार कणसं, पाऊस, गाडी, जाळलेल्या चिंध्या. त्यांनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर फक्त माहिती विचारली. किती तुरे? अकरा. किती वाजता फुटले असतील? साडेनऊ ते अकरा. वारा? पश्चिमेचा, जोराचा. फीत बांधलेल्या किती ताटांचे केस बाहेर होते? निम्म्यांहून जास्त. ते खिडकीकडे वळले. तिथून प्लॉट नऊची पूर्वेची कड दिसत असे.

“म्हणजे सगळीकडे गेलं,” ते म्हणाले.

मग त्यांनी प्लॉटची वही पुढे सरकवली आणि लिहा म्हणाले. मी विचारलं, काय लिहू.

“झालं ते. वाऱ्याने पिशव्या फाडल्या, हे पहिलं वाक्य नको. पिशव्या कुणी बांधल्या, ते पहिलं.”

मी लिहिलं. तारीख, वेळ, अकरा ताटांचे क्रमांक, वाऱ्याची दिशा, कुठल्या ओळींत टरफलं सापडली, सगळं. शेवटी ‘संभाव्य मिसळ’ असं लिहिलं होतं. त्यांनी वाचलं आणि ‘संभाव्य’ हा शब्द खोडला. खाली मी सही केली, त्याखाली त्यांनी. त्याच पानावर त्यांनी लिहिलं: हा निवडीचा फेरा रद्द. त्या एका ओळीबरोबर त्यांचा वाण गेला, आणि ते आम्हा दोघांनाही समजत होतं.

“बी फेकून देऊ का, सर?”

“काढणी करा, लेबल लावा, रद्द म्हणून ठेवा. फेकायचं की नाही ते पुढचा माणूस ठरवेल.”

संध्याकाळी ते एकटे हौसाबाईच्या वस्तीवर चालत गेले. काय बोलले ते मला कळलं नाही. ती तीन दिवस आली नाही, चौथ्या दिवशी आली. मी तिच्याशी बोलायला गेले तेव्हा ती कणसांवरची पानं सोलत होती. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतलं.

“तुमी बोलशीला म्हून मी थांबले हुते,” ती म्हणाली. “न्हाई बोलला, मग मी बोलले.”

एवढंच. पुढची अनेक वर्षं आम्ही एकत्र काम केलं, या विषयावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

मला लेखी ताकीद मिळाली, परिवीक्षा एक वर्षाने वाढली. सर त्या अहवालात माझ्या बाजूने काही बोलले नाहीत, विरुद्धही नाहीत. घडलं तेवढं लिहिलं. जूनमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात हार घेतले, दोन वाक्यं बोलले आणि मिरजेला आपल्या घरी निघून गेले.

नवे प्रमुख यायला उशीर होता. त्या खरिपात चार कणसांचं बी मी एका तुकड्यात पेरलं. हेच ते शुद्ध, ज्याच्यासाठी मी सगळं केलं होतं. जुलैच्या अखेरीस जोराचा वारा आला आणि ती बारीक ताटं एका दुपारीत भुईला टेकली. उठलीच नाहीत. म्हशींनी खाल्ली, हौसाबाई म्हणाली तशी, बोटभर न ठेवता. पण असली लोळणारी मका कोण शेतकरी पेरणार.

उरलेल्या कोपऱ्यात ‘रद्द’ लेबलाचं बी टाकलेलं होतं, जागा रिकामी राहू नये म्हणून. ऑगस्टमध्ये मी सहज त्यात शिरले आणि जागच्या जागी थांबले. दोन ताटं एकासारखी नव्हती. उंच आणि बारीक, बुटकी आणि जाड, उंच आणि पानाळ; कुठे जांभळ्या देठाचं, कुठे बुडापर्यंत हिरवं, कुठे वाऱ्यात ताठ उभं राहूनही अंगठ्याच्या नखाने सहज टोचलं जाणारं. प्लॉट नऊमध्ये मी असं काही कधीच पाहिलं नव्हतं. तिथली मका शाळेच्या गणवेशात उभी असायची. तेव्हा मला वहीतले ते आकडे कळले, अठरा, चौदा, आठ, तीन, शून्य. सगळी ताटं एकसारखी होत गेली होती आणि निवडायला काही उरलंच नव्हतं. सर ते शून्य लिहून पुन्हा काठी घेऊन त्याच ताटांसमोर उभे राहिले होते.

मी सरांना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दर वर्षी एक पत्र लिहीत गेले. एकाचंही आलं नाही.

त्या तुकड्यातून निवड करायला मला सात हंगाम लागले. उंची मी मोजत होतेच, शिवाय वाळवून तोलत होते, आणि पशुपोषणवाल्यांच्या गोठ्यात पाठवण्याआधी प्रत्येक ओळ हौसाबाईच्या म्हशींपुढे जात होती. चौऱ्याण्णव साली वाणाला मान्यता मिळाली. समितीने वंशावळ विचारली तेव्हा मी प्लॉटच्या वहीतल्या त्या पानाची नक्कल पुढे ठेवली. समितीतल्या एका गृहस्थांनी ती वाचून चष्मा काढला आणि अशी वंशावळ आम्ही आजवर पाहिली नाही, असं म्हणाले. पण अकरा ताटांचे क्रमांक, तास, वारा, सगळं त्यात होतं. त्यांना शंका काढायला जागा सापडली नाही.

मान्यतेचं पत्र हातात आलं त्याच दिवशी मी मिरजेची गाडी धरली. न कळवता गेले. कळवलं तर ते नको म्हणतील, असं वाटत होतं.

सर घरामागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बारीक झाले होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्या पत्नीने दुसरी खुर्ची आणून ठेवली. मी पत्र दिलं. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, सह्यांसकट.

“उंची?”

“तुमच्या मक्यापेक्षा बावीस सेंटिमीटर कमी, सर. वाळलेलं वजन सव्वापट. लोळत नाही.”

त्यांनी मान हलवली. अंगणात कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या, त्या हलत होत्या. मला कुठे बघावं ते कळेना. माझी पत्रं मिळाली का, असं विचारायचं मनात होतं, पण विचारवलं नाही.

“भोकरेबाई,” ते म्हणाले, “त्या दुपारी तुम्ही माझ्या खोलीत आला नसतात, तर मला कळलं असतं का?”

मी विचार केला. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

“त्या हंगामात नाही. हौसाबाईंच्या चुकीने दोन-चार ताटांत मिसळ झाली असेल, असं धरून तुम्ही तेवढी काढून टाकली असती. पुढच्या पेरणीत दिसलं असतं.”

“पुढच्या पेरणीला मी नव्हतो.”

“नाही.”

“म्हणजे वाण तयार झाला असं समजून मी इथे येऊन बसलो असतो.”

“हो, सर.”

आतून कपबश्यांचा आवाज आला.

“तुम्ही सांगितलंत ते माझ्यासाठी बरं झालं की नाही,” ते म्हणाले, “ते मला या आठ वर्षांत ठरवता आलेलं नाही. दर पत्राला उत्तर लिहायला बसायचो आणि तिथेच अडायचो.”

त्यांच्या पत्नीने चहा आणला. आम्ही तो घेतला. बियाणं किती तयार आहे, कोणत्या तालुक्यांत आधी देणार, हौसाबाई अजून कामावर येते का, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगत गेले. बोलता बोलता त्यांनी मान्यतेचं पत्र घडी घालून आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. ती मूळ प्रत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी मला ती कार्यालयात दाखल करायची होती.

मी ती मागितली नाही.